मदत हवी आहे: कॅनडातल्या फार्मासिस्ट नोंदणीसाठी ट्रान्सक्रिप्ट
मी २०१६ ची बी.फार्म., महाराष्ट्रात नोंदणीकृत फार्मासिस्ट. अमेरिकेचा मार्ग बंद आहे. २००३ पासूनच्या पदवीधरांना तिथे ५ वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, आपला ४ वर्षांचाच. म्हणून कॅनडा. पण पीईबीसीच्या (फार्मासिस्टांची परीक्षा घेणाऱ्या तिथल्या मंडळाच्या) पहिल्याच पायरीवर, कागदपत्रांच्या पडताळणीत अडकले आहे. ट्रान्सक्रिप्ट (गुणांची अधिकृत नोंद) विद्यापीठाकडून थेट तिकडे जायला हवी आणि आमचं विद्यापीठ सीलबंद पाकीट माझ्याच हातात देतं. दोनदा ईमेल केले, परीक्षा विभागात अर्जही दिला. 'तशी पद्धत नाही,' एवढंच उत्तर. इतकी वर्षं शिकून, काम करून परीक्षेला बसण्याआधीच थांबावं लागतंय, याचं फार वाईट वाटतं. एजंटकडे जायचं नाही. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सांगा: विद्यापीठात नेमका कोणाच्या नावे अर्ज केलात, आणि सोबत काय जोडल्यावर त्यांनी पाकीट थेट पाठवलं?