एचटीएमएलच्या तक्त्यात कोलग्रुपला, म्हणजे कॉलमांच्या गटाला, रंग लागतो, मग आकडे उजवीकडे का सरकत नाहीत?

तुम्ही कोलग्रुपला टेक्स्ट-अलाइन, म्हणजे मजकूर डावीकडे-उजवीकडे लावणारी सीएसएसची सूचना, दिलंय. ते तिथे लागणारच नाही. सेल हा ओळीचा, म्हणजे टीआरचा वारस, अशा सूचना तो तिच्याकडून घेतो, कॉलमकडून नाही. कॉलमवर चालतात फक्त बॅकग्राउंड, बॉर्डर, विड्थ आणि व्हिजिबिलिटी. बॉर्डरसाठी टेबलला बॉर्डर-कोलॅप्सची (शेजारच्या बॉर्डर एकत्र करणाऱ्या सूचनेची) किंमत कोलॅप्सच हवी.

मी नाशिकला कांद्याच्या भावांचा तक्ता करते. लासलगाव, पिंपळगाव अशा ओळी. बाजार समिती आणि आवक या दोन कॉलमचा एक कोलग्रुप, मग किमान, कमाल, सरासरी यांचा स्पॅन ३ चा दुसरा, फिकट पिवळा. आकड्यांसाठी टीडीवर, म्हणजे सेलवर, एनटीएच-चाइल्ड, कंसात एन+३, म्हणजे ओळीतल्या तिसऱ्या सेलपासून पुढचे सगळे; टेक्स्ट-अलाइन तिथे द्या. फार सोपं आहे, करून बघाच.

आणि हो, टीआरला पांढरी बॅकग्राउंड असेल तर तो पिवळा तिच्याखाली झाकला जातो. माझी अख्खी दुपार त्यात गेली, म्हणून ती पांढरी बॅकग्राउंड आधी काढा.