डेटाबेस: फुकटचा घ्यायचा की सांभाळायला सोपा?

सांगलीकर_बिलिंग:
मंडळी, सल्ला हवाय. आमच्या मालकांचं सांगलीत औषधांचं होलसेल आहे, तिथला आयटी म्हणजे मी, सर्व्हरपासून बारकोड प्रिंटरच्या रिबिनीपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. बिलिंग मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१९ या डेटाबेसच्या एक्सप्रेस एडिशनवर चालतं, फुकट आहे पण एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आणि आम्ही ९.४ ला टेकलोय, बॅच नंबर आणि एक्सपायरीचं टेबलच निम्मी जागा खातं. बिलिंग सॉफ्टवेअरचा व्हेंडर म्हणतो पैशांची स्टँडर्ड एडिशन घ्या नाहीतर पोस्टग्रेसवर (फुकटचा डेटाबेस, हत्तीचं चिन्ह असलेला) या, त्यांचं सॉफ्टवेअर दोन्हीवर चालतं. मायक्रोसॉफ्टच्या २०२२ आवृत्तीच्या यादीत सर्व्हर लायसन्स ९८९ डॉलर आणि वर कॅल, म्हणजे जोडलेल्या प्रत्येक मशीनचा परवाना, २३० डॉलर एकेक, आमची मशीनं १८. हिशोब पाच हजार डॉलरच्या पुढे गेला तेव्हा मालकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, फुकट ते पौष्टिक. मला मात्र वाटतं पैसे टाकावेत, मला विंडोजचं येतं, लिनक्सची काळी स्क्रीन बघितली की पोटात गोळा येतो.

हत्तीवाला:
मालक बरोबर आहेत तुमचे. पोस्टग्रेस विंडोजवरही चालतं, काळी स्क्रीन बघायची गरज नाही. लायसन्ससाठी ना प्रोसेसरचे कोर मोजायचे ना कॅल. एक मोठी आवृत्ती आली की पाच वर्षं तिला दुरुस्त्या मिळतात. १८ मशीनच्या दुकानाला लाखांत लायसन्स म्हणजे शेंगा आणायला ट्रक भाड्याने घेण्यासारखं आहे राव.

रात्रपाळी:
हत्तीवाले, तुम्ही हत्ती विकत घ्यायचं सांगताय, चारा कोण घालणार ते नाही सांगत. आमच्या एका क्लायंटकडे पोस्टग्रेस होतं, कुणीतरी रिपोर्टसाठी दुसरा सर्व्हर जोडला, दोन महिन्यांनी तो बंद केला पण मेन सर्व्हरवरचा रेप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरने कुठपर्यंतचे बदल उचलले त्याची खूण) तसाच राहिला. आता स्लॉट आहे म्हटल्यावर पोस्टग्रेस बिचारं त्या मेलेल्या सर्व्हरची वाट बघत वॉलच्या, म्हणजे बदलांच्या नोंदींच्या, १६ एमबीच्या फाइली साठवत बसलं, हजारो झाल्या, डिस्क भरली आणि डेटाबेस आडवा. रात्री पावणेदोनला फोन. स्लॉट काढायला एक ओळ लागते, पण ती ओळ माहीत असलेला माणूस त्या गावात नव्हता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच.

हत्तीवाला:
आणि एसक्यूएल सर्व्हर स्वतःचं स्वतः जेवतो का? स्टँडर्ड बसवला की नवा डेटाबेस बाय डीफॉल्ट फुल रिकव्हरीत येतो, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये जपून ठेवतो, लॉगचा बॅकअप लावला नाही तर लॉग फाइल फुगतच जाते. ४ जीबीच्या डेटाला ९० जीबीचा लॉग मी या डोळ्यांनी बघितलाय, तिथेही डिस्कच भरली होती. फरक एवढाच की तिथे आधी पैसे भरले होते.

रात्रपाळी:
हो पण तिथे ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट मिळतो, बॅकअपचं काम माउसने क्लिक करून लावता येतं, फेल झालं की मेल येईल असं त्यातच सेट करता येतं. सांगलीत हे जमणारा पोरगा उद्या मिळेल. पोस्टग्रेसचा शोधून दाखवा.

एनआरआय_जोशी:
दोघंही २०१०मध्ये अडकलाय. क्लाउडवर मॅनेज्ड, म्हणजे कंपनीच सांभाळते असा डेटाबेस घ्या, ॲमेझॉनचं मुंबईत रीजन (डेटा सेंटर) आहे. त्यांच्या आरडीएस या डेटाबेस सेवेवर ३५ दिवसांपर्यंतच्या कुठल्याही क्षणाला मागे जाता येतं, पॅचिंग ते करतात. मी इथे टोरांटोत तेच वापरतो, सुट्टीत लॅपटॉप उघडत नाही.

मिरजमळा:
जोशीसाहेब, दुरून डोंगर साजरे. आमच्याकडे जेसीबीवाल्याने गटार खणताना फायबर तोडली की अर्धा दिवस नेट नाही, त्या वेळात केमिस्टच्या पोरांना काउंटरवर काय सांगायचं, की डेटाबेस मुंबईत सुखरूप आहे? आणि बिल दर महिन्याला, तेही डॉलरच्या भावावर. जुन्या आवृत्तीवर राहिलात तर वेगळंच, मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या ५.७ वर बसून राहिलेल्यांना मार्च २०२४ पासून आरडीएसने एक्स्टेंडेड सपोर्टचे, म्हणजे मुदत संपलेली आवृत्ती सांभाळण्याचे, प्रत्येक कोरमागे तासाला जादा पैसे लावले. म्हणजे "मॅनेज्ड" असूनही अपग्रेडचा ताप तुमचाच, फक्त आता त्याला मीटर बसलाय.

एनआरआय_जोशी:
नेटचं मान्य. मीटरचं नाही, जुनं व्हर्जन फुकटात सांभाळायचं ही अपेक्षाच चूक आहे.

शाईपेन:
मला वाटतं तुम्ही सगळे चुकीच्या गोष्टीवर भांडताय. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (प्रोग्रामरांचा कोड ठेवणारी कंपनी) काय झालं, ते त्यांनी स्वतःच उघड लिहिलंय. दुसऱ्या सर्व्हरवरची फोल्डर उडवायची होती, थकलेल्या इंजिनियरने ती मेन सर्व्हरवर उडवली, ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधायला गेले तर बॅकअपच नाही, कारण सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ आणि बॅकअप घेणारं टूल ९.२, रोज गुपचूप फेल व्हायचं, आणि फेल झाल्याचे मेल पोचण्याआधीच नाकारले जात होते. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची नक्कल, होता म्हणून वाचले. ही कंपनी पोस्टग्रेस कोळून प्यालेली होती बरं का. सांगलीकर, बॅकअपवरून डेटा परत आणून, म्हणजे रिस्टोअर, शेवटचा कधी करून बघितला तुम्ही?

हत्तीवाला:
तो दोष पोस्टग्रेसचा नाही.

शाईपेन:
नाहीच आहे. पण रात्रपाळींच्या माउसने लावलेल्या जॉबनेही तेच होऊ शकतं, म्हणून विचारलं.

खिडकी_७:
मध्येच तोंड घालतो. एसक्यूएल सर्व्हर २०२५च्या एक्सप्रेसला मर्यादा ५० जीबी केलीय. ना पाच हजार डॉलर ना हत्ती. मात्र मेमरी तेवढीच, साधारण १.४ जीबी, आणि एजंट अजूनही नाही, बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून बॅच फाइल चालवूनच घ्यावा लागेल.

रात्रपाळी:
अरेच्चा. हे माझ्या लक्षातच नव्हतं. मग लायसन्सचं मी मागे घेतो, पण मार्चएंडला १८ मशीनं एकदम रिपोर्ट काढतील तेव्हा त्या १.४ जीबीत रांग लागेल, लिहून ठेवा.

हत्तीवाला:
आणि ५० जीबी भरले की परत इथेच धागा काढा :)

सांगलीकर_बिलिंग:
सगळ्यांचे आभार. व्हेंडरला विचारलं, तो म्हणतो २०२५ वर आम्ही अजून टेस्ट केलेलं नाही, दिवाळीनंतर बघू. तोपर्यंत जुन्या वर्षांची बिलं दुसऱ्या डेटाबेसात हलवून जागा करतोय. शाईपेनताईंनी विचारलं म्हणून रविवारी रिस्टोअर करून बघायला बसलो. शेड्युलर रोज रात्री साडेअकराला इमानदारीत बॅच फाइल चालवतोय, पण बॅकअपची शेवटची फाइल १४ जूनची आहे. डी ड्राइव्ह भरलाय, कुणीतरी त्यावर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग वळवलंय, बहुतेक मीच. मालकांना अजून सांगितलेलं नाही.