‘दोन लाखांशिवाय आवाज नाही’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

उद्यमनगरी:
परवा एका दादांनी हितं फोरमवर लांबलचक लिहिलं की दोन लाखांच्या आत घरात डिजिटल गाणं ऐकण्याच्या लायकीचं वाजतच नाही. वेगळा स्ट्रीमर (नेटवरनं गाणं वाजवणारा डबा) पाहिजे, वेगळा डॅक (डिजिटल फाईलचं ॲम्प्लिफायरला कळेल असं रूप करणारा डबा) पाहिजे, चांदीची केबल पाहिजे, फायली 24/192 च्याच (24 बिट, 192 किलोहर्ट्झ) पाहिजेत, आणि हे परवडत नसेल तर रेडिओ लावून गप बसा. ते वाचून ओळखीतल्या एका पोरानं ॲम्प्लिफायर घ्यायचा बेतच रद्द केला म्हणून लिहायला बसलोय, नायतर मी कुणाच्या वाटंला जात नाही.

माझ्याकडं काय आहे सांगतो. स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप, त्यात सीडीवरनं रिप केलेल्या (उतरवून घेतलेल्या) फ्लॅक फायली, म्हणजे काही न गमावता दाबलेल्या, यूएसबीला अंगठ्याएवढा डॅक, सेकंडहँड स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. संपलं. निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरला गेलेत आणि ते तिथंच जायला पाहिजेत, कारण आजकालचा साधा डॅकसुद्धा इतका स्वच्छ असतोय की त्यातली खोट काढायला आधी तुमची खोली तेवढी शांत पाहिजे. सीडी म्हणजे 16 बिट, आणि सेकंदाला 44,100 वेळा मोजलेला आवाज, म्हणजे 44.1 किलोहर्ट्‌झ. मोजणीच्या निम्म्यापर्यंतचे सूर पकडता येतात, म्हणून त्यात 20 किलोहर्ट्‌झच्या पुढपर्यंतचा आवाज बसतो, आणि चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला 15 च्या वरचं काही ऐकू आलं तर नशीब म्हणायचं. मग 192 कुणासाठी, वटवाघळांसाठी?

खरा फरक पडला तो स्पीकर शोकेसमधनं बाहेर काढल्यावर. आपल्याकडं एक स्पीकर टीव्हीशेजारी आणि दुसरा जागा मिळेल तिथं, कपाटावर, कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. कोपऱ्यात बास फुगतो, डग्गा नुसता ढब्ब ढब्ब करतो, वादकानं तळहात कुठं घासला ते कळतच नाही. मी एमएसच्या (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपचे स्टँड वेल्डिंग करून घेतले, खुर्चीत बसल्यावर ट्विटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीला येईल असे, आणि पाइपात फौंड्रीतली कोरडी वाळू भरली म्हणजे पाइप टणटणत नाही. भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढंच प्रत्येकापासून माझ्यापर्यंत. टाइल्सवर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा. विंडोजचा व्हॉल्यूम फुल, प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड म्हणजे विंडोज मधेच सॅम्पल रेट बदलत बसत नाही, आणि आवाज कमीजास्त करायचा तो ॲम्प्लिफायरच्या नॉबनं. ह्यात दोन लाख कुठं घालायचे ते दादांनीच सांगावं.

चांदीची तार:
ते दादा म्हणजे मीच. पहिलं म्हणजे मी ‘रेडिओ लावा’ म्हटलं होतं, ‘गप बसा’ ही तुमची भर. दुसरं, ज्यानं चांगली सिस्टीम ऐकलेलीच नाही त्याला आपलीच भारी वाटणार. माझ्याकडे पुण्याहून पाहुणे आले होते, मी केबल बदलली आणि त्यांनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, आवाज एकदम खुलला म्हणून. केबल बदलल्याचं त्यांना माहीतही नव्हतं. आता ह्याला काय म्हणणार?

फुलेवाडी एक्सप्रेस:
स्वयंपाकघरातनं? म्हणजे ते स्टँड, सतरंजी, त्रिकोण सगळं सोडायचं आणि भजी तळत ऐकलं की केबल कळते व्हय? नाद खुळा.

मी आपला ब्लूटूथवाला. मोबाईलवर गाणं लावलं, स्पीकर उचलून गॅलरीत नेला, विषय संपला. तुमचा लॅपटॉप सुरू होईस्तोवर माझी तीन गाणी होत्यात.

उद्यमनगरी:
ब्लूटूथला शिव्या देत नाही भावा. पण साध्या एसबीसी कोडेकमधनं (ब्लूटूथची गाणं दाबून पाठवायची रीत) जास्तीत जास्त 328 केबीपीएसच्या (सेकंदाला किलोबिट) आसपास जातंय, सीडीचं 1411 असतंय. त्यात तुझ्या ॲपवर आधीच दाबलेलं गाणं येणार, ते उलगडायचं आणि परत दाबून स्पीकरला पाठवायचं. आणि मला विचारशील तर कोडेक ही मोठी अडचण नव्हंच. एका डब्यात दोन स्पीकर वीतभर अंतरावर, डावं-उजवं कळणार कसं?

फुलेवाडी एक्सप्रेस:
मी एकाच कानानं ऐकतो, दुसऱ्यानं बायकोचं ऐकायचं असतंय.

मिरजेचा तंबोरा:
तुमच्या कुणाच्याच गाण्यात तंबोरा नसतो वाटतं. सिस्टीम तपासायची तर ते ड्रम-गिटारचे डेमो बंद करा आणि नुसता तंबोरा लावा. जवारी (तारेला झिणझिण देणारी घोडीवरची बैठक) नीट लागलेली असली की एकाच तारेतून वरचे स्वर एकावर एक झिणझिणत उठतात आणि सावकाश विरतात. 128 केबीपीएसच्या एमपी3 वर तो विरणारा भाग पाण्याखालून ऐकल्यासारखा होतो. 320 आणि फ्लॅकमधला फरक मला ओळखता येत नाही, आणि येतो म्हणणाऱ्यानं कुठलं वाजतंय ते न बघता ओळखून दाखवावं. फुबार नावाच्या प्लेअरमध्ये एबीएक्सची (न बघता दोन फायली ओळखायच्या चाचणीची) सोय फुकट आहे, घरबसल्या करा, केबलवाल्यांनी तर जरूर करा.

पण माझं दुखणं निराळंच आहे. सीडीवर विलंबित एका ट्रॅकला, द्रुत दुसऱ्याला, मध्ये तंबोरा चालूच. स्वस्तातले प्लेअर तिथं क्षणभर मुके होतात, सगळी बैठक मोडते. गॅपलेस (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारं) आहे का हे दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, काका, वॉटरप्रूफ आहे. आणि ती नावं! रिप करताना नेटवरून आपोआप जी नावं येतात त्यात गायकाच्या जागी तबलजी, अल्बमच्या जागी राग, भीमपलासी निरनिराळ्या स्पेलिंगनं निरनिराळ्या ठिकाणी. मी राग, ताल, गायक, साथीदार सगळं हातानं भरतो, मुलगा म्हणतो बाबा रिकामे आहेत. असू दे. ज्या कोल्हापुरात गवई अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी होते तिथं त्यांची शिष्या केसरबाई केरकर ‘अननोन आर्टिस्ट’ म्हणून वाजतात, ह्याची लाज आधी वाटू द्या, डॅकचं नंतर बघू.

चांदीची तार:
केसरबाईंचंच घ्या मग. 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर त्यांची भैरवी अवकाशात गेली. असला आवाज 16 बिटांत कोंबायचा? माझ्याकडे जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीवरून काढलेली 24/192 ची फाईल आहे. या एकदा ऐकायला.

उद्यमनगरी:
78 च्या तबकडीवर वरची टोकं मुळातच नव्हती दादा. 192 मध्ये खरखर तेवढी जास्त बारकाईनं भरली असेल. बाकी ऐकायला येतो, चहा करा.

सातव्या गल्लीतली:
खोली शांत पाहिजे म्हणता, ती आणायची कुठून ते पण लिहा ना. राजारामपुरीत गणपतीच्या आगमनाला डॉल्बी (मिरवणुकीतली स्पीकरची भिंत) दारावरून गेला की खिडकीची काच हाताला थरथरते, बाबांना मागच्या खोलीत नेऊन बसवायचं, त्यांच्या छातीत धडधडतं. निवासी भागाला नियम दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. तुमची सतरंजी काय करणार त्याच्यापुढे?

पेठेतला:
आला का डॉल्बी! गाण्याचा विषय असू दे नायतर पाण्याचा, शेवट मंडळांवरच. ताई, वर्षातनं दोन दिवस असतंय ते. बाकीचे दिवस तुमच्या सोसायटीत ड्रिल मशीन चालतंय ते बरं चालतंय.

सातव्या गल्लीतली:
दोन दिवस? आगमन, विसर्जन, शिवजयंती, आंबेडकर जयंती, नेत्याचा वाढदिवस, वरात. मोजायला बसा.

मिरजेचा तंबोरा:
आणि दोन दिवसही कानाला पुरतात. 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. 100 ला पाव तास. ह्या डॉल्बीच्या भिंतीसमोर पोरं सगळी रात्र नाचतात. दुसऱ्या दिवशी कानात शीळ वाजते ना, ती गंमत नव्हे.

पेठेतला:
काका, हलगी आणि घुमकं कानाशी वाजवून बघा, ते काय अंगाई गातंय काय? तवा परंपरा म्हणून मान डोलवता. आमच्या पोरांनी वाजवलं की प्रदूषण. तुमच्या लग्नाच्या वरातीत काय सनई होती काय ताई?

सातव्या गल्लीतली:
सनईच होती.

पेठेतला:
बरं. होती तर होती.

फुलेवाडी एक्सप्रेस:
😂😂 पेठ गप.

पेठेतला:
गप न्हाई. तुम्हाला काय वाटतंय आम्हाला कळत न्हाई? आमच्या ट्रॅक्टरवर मिक्सर सांभाळणारं पोरगं हाय, आता त्याला हाक मारायची तर दोनदा मारावी लागती. मान्य हाय. पण ते आमचं आम्ही बघू. गेल्या वर्षी आम्ही अर्धी मिरवणूक लेझमीवर काढली, त्याचं कौतुक करायला कोण आलं? महाद्वार रोडला माणसं विचारत होती, मशीन बिघडलं काय म्हणून.

सातव्या गल्लीतली:
मी असते तर टाळ्या वाजवल्या असत्या. 55 डेसिबलच्या आत.

उद्यमनगरी:
झालं? धागा गाणं ऐकायच्या सिस्टीमचा होता.

पेठेतला:
मग त्याचंच विचारतो. मी पण जुना लॅपटॉप ॲम्प्लिफायरला जोडलाय, तुमचंच वाचून. नुसतं घूंऽऽऽ करतंय, गाणं बंद केलं तरी.

चांदीची तार:
केबल. दुसरं काय असणार?

उद्यमनगरी:
केबलला हात लावू नको. आधी लॅपटॉपचा चार्जर काढ आणि बघ. घूं थांबलं तर दोन वेगळ्या जागच्या अर्थिंगची भानगड हाय. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डवर लाव. तरी राहिलं तर लॅपटॉपला ऑप्टिकल आउटपुट आणि ॲम्प्लिफायरला तसं इनपुट असेल तर त्यानं जोड, त्यातनं उजेड जातो, वीज जात नाही. अर्थिंगची पिन मात्र कापू नको, लोक कापतात, शॉक बसला म्हणजे कळतं.

पेठेतला:
चार्जर काढला. गप झालं. केबल तीच हाय, आठवडी बाजारातली.

चांदीची तार:
अभिनंदन. बॅटरी किती वेळ चालते?

पेठेतला:
अर्धा तास.

मिरजेचा तंबोरा:
म्हणजे विलंबित होईल, द्रुतला चार्जर लावा.