सातबाऱ्यावर तुमच्या घरातल्या बाईचं नाव आहे का? अनुभव लिहा

कांदापात

परवा रब्बीची ई-पीक पाहणी करायला आईबरोबर मळ्यात गेले होते. दादा बाहेरगावी आणि अण्णांना मोबाईलवरचं दिसत नाही, म्हणून मी. दीड एकर उन्हाळ कांदा. अॅपमध्ये खातेदारांची नावं आली तशी आई पदराला हात पुसत डोकावली. अण्णा, थोरले काका, धाकटे काका. आई म्हणाली, "माझं खाली असंल, सरकव की." खाली सरकवायला काहीच नव्हतं.

मग पिकाचा फोटो काढला, तर त्यात वाफ्यातलं गवत उपटणारा तिचा हात आला. दुसरा काढावा लागला.

घरी येऊन चहा ठेवता ठेवता ती चांदवडचं बोलायला लागली. नोव्हेंबर १९८६. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आजीबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून, फडक्यात भाकरी बांधून गेली होती. म्हणे, नजर जाईल तिथवर लुगडी आणि पातळं, एवढ्या बाया एका जागी तिनं कधी पाहिल्याच नव्हत्या. पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची हाक दिली, बायकोच्या नावे जमीन करा म्हणून. अण्णा बिल्ला लावून फिरायचे, तेही म्हणाले होते, येत्या पाडव्याला करू. ते राहूनच गेलं. अण्णांवर माझा राग नाही, त्यांनी आईला कधी दुखवलं नाही. पण रात्री झोप लागली नाही.

तुमच्याकडे काय आहे ते लिहा. भावाचं, बहिणीचं, मजुरीचं, कसलंही.

रानजाई

आमच्याकडे वडील गेल्यावर भावाचं नाव कब्जेदार म्हणून वर, आणि आई व आम्ही दोघी बहिणी खाली 'इतर हक्कात', म्हणजे सातबाऱ्याच्या वेगळ्या रकान्यात. तलाठी म्हणाले, असंच लावतात. आम्हीही हो म्हटलं.

वऱ्हाडची माय

मी यवतमाळची. मालक गेल्याले नऊ वर्स झाली. निंदन, डवरनी, फवारनी, वेचनी समदं मीच पाहतो. वावर सासऱ्याच्या नावानं हाय. पीककर्जाले गेली तं म्हने सातबारा कोनाच्या नावावर, त्याहीले घेऊन या. सासऱ्याले ऐंशी वर्स, ते कसे येतीन? पीएम किसानचे दोन हजार त्याहीच्या खात्यात पडते. मानूस चांगला हाय, देते मले. पन मांगा लागते. खत आनायचं तरी मांगा लागते.

कांदापात

ताई, वाचून गलबलून आलं. पोरं केवढी आहेत?

वऱ्हाडची माय

पोरगी बारावीले, पोरगा नववीत. पोरगी हुशार हाय. तिनंच हे मोबाईलवर लिहून देल्लं.

गोदाकाठ

तिला शाबासकी सांगा आमची 🙏

पायवाट

राखी पौर्णिमेच्या चार दिवस आधी भावाचा फोन आला, जरा तालुक्याला ये, सही पाहिजे. हक्कसोड पत्र. तिथून निघालो ते थेट साडीच्या दुकानात. वहिनीनं मोरपिशी रंगाची निवडली, जरीचा काठ होता. आठ वर्षं झाली, घडी मोडलेली नाही. सही नसती केली तर माहेर तुटलं असतं, हे मला कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. आईनं तेवढं विचारलं, "मनानं करतेस ना?" मी हो म्हटलं. खोटं बोलले.

चिंचेची सावली

माझ्याही कपाटात अशीच एक आहे. आंबा कलर.

काळाकोट

वकिली करते, म्हणून लिहिते. महाराष्ट्रात १९९४ पासूनच वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका जन्मतः हक्क आहे, फक्त आधी लग्न झालेल्या मुली त्यात वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं ती अट गेली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर मात्र ती उकरता येत नाही.

आणि 'इतर हक्कात' नाव घालणं ही फक्त जुनी वहिवाट आहे, वारस मुलगी कब्जेदारांच्या रकान्यातच यायला हवी. रानजाई, फेरफाराची, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदीची, नक्कल काढा. हक्कसोड पत्र नोंदणीकृत असावं लागतं, कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. पायवाट ताई, तुमचं वाचून हात थांबला माझा.

माणदेशी

पुरुषानं लिहिलं तर चालेल ना? तीन वर्षांपूर्वी मी घरातल्यांचं नाव लावून घेतलं. शासनाचं १९९२ चं परिपत्रक आहे, लक्ष्मी मुक्ती योजना म्हणूनच. नवऱ्यानं स्वतः अर्ज करायचा, बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज दिला तर समोरचे भाऊसाहेब मान वर करून म्हणतात, "घरात काय वाद झालाय का?" नाही म्हटलं. "कर्ज बुडवायचंय?" नाही म्हटलं. पाच हेलपाटे झाले. भावकीत तर महिनाभर तोच विषय.

पुढच्याच वर्षी रस्त्याकडेच्या वीस गुंठ्याला एजंट आला. भाव ऐकून माझं मन डळमळलं होतं, खरं सांगतो. ही भाकरी थापता थापता आतून म्हणाली, "माझी सही लागंल ना? मी नाही देणार." आज त्याच तुकड्यात डाळिंब उभं आहे.

गोदाकाठ

वहिनींना नमस्कार सांगा! डाळिंब भगवा का? तेल्या रोग आला का तुमच्याकडे यंदा?

माणदेशी

भगवाच. आला होता थोडा, बहार उशिरा धरला म्हणून निभावलं. व्यक्तिगत निरोप करतो.

फडावरची

आम्हाला जमीन दीड एकर कोरडवाहू, तिच्यावर कोण भांडतंय. मी बीडकडची, कोयत्याचं, म्हंजे ऊसतोडीचं सांगते. कोयता म्हंजे नवराबायको मिळून एक. उचल, म्हंजे आगाऊ पैसे, त्याच्या हातात, मुकादमाच्या वहीत नाव त्याचं. तोडायचं दोघांनी, पण मोळी बांधून डोक्यावर घेऊन गाडीला शिडी चढायची मी. पहाटे तीनला उठून भाकरी करायच्या त्याही मीच. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, वरून दंड. पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही. एकतिसाव्या वर्षी पिशवी काढली माझी. डॉक्टर म्हणाला, नाहीतर कॅन्सर होईल. आता कंबर धरती, उभ्यानं झाडलोट होत नाही. २०१९ ला पेपरात लई आलं, समिती आली, बायांना विचारून गेली. औंदाही आम्ही निघालोच.

चिंचेची सावली

काय लिहू ताई. हात जोडते.

काळाकोट

तपासण्यांचे कागद जपून ठेवा ताई. निरोप टाकलाय, सवडीनं बघा.

लालमाती

गोव्याचा आहे. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा, त्यात लग्न झालं की सर्वसाधारणपणे मालमत्ता दोघांची समाईक. बायकोच्या सहीशिवाय जमीन विकता येत नाही. तरी भाताची मळणी झाली की हिशेब बाप्येच करतात, हेही खरं.

खुरपं

मजुरीचं कुणी लिहिलंच नाही. आमच्याकडे बाईला तीनशे, गड्याला पाचशे. विचारलं की म्हणतात गड्याला जड काम. मग कांदा लागवडीत दिवसभर चिखलात ओणवं राहून दाखवा. रोजगार हमीत एकच दर आहे बाईला नि गड्याला, मग शेतातच का नाही?

दोन वर्षांपासून आम्ही अकरा जणी उक्तं घेतो, एकरावर. रोप उपटण्यापासून लावून देईपर्यंत. सकाळी सातला वाफ्यात आणि साडेतीनला घरी. पैसे सगळ्यांत सारखे, आणि सासूबाई येतात त्यांनाही पूर्ण वाटा, त्यांचा हात सावकाश चालतो तरी. पहिल्या वर्षी एका मालकानं पैसे द्यायला नवराच मागितला, म्हणे "तुझ्या माणसाला पाठव, त्याच्याकडे देतो." अकरा जणी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. दिले.

रानजाई

वा गं बायांनो! 👏👏

सुगी

मी वाचतेय फक्त, कुकर लावलाय. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातली जेमतेम १४ टक्के वहिवाट खाती बायकांची होती, ते आठवलं. आमच्या गावात तर तेवढीही नसतील. बाकी रात्री लिहिते. खुरपं, तुमच्याकडे उक्तं एकराला काय भाव सध्या?

खुरपं

गाव बघून, वाहतूक बघून. फोनवर सांगते.

कांदापात

सगळ्यांचं आईला वाचून दाखवलं. फडावरच्या ताईंचं ऐकून ती उठून आत गेली. वऱ्हाडच्या मायच्या पोरीसाठी म्हणाली, शिकू द्या तिला, कितीही होऊ दे.

जेवताना अण्णांसमोर माणदेशींचं पुन्हा वाचलं. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "भावांना विचारावं लागंल, सामायिक आहे." आई म्हणाली, "विचारा की. मी पण येते विचारायला." सोमवारी काकांकडे जायचं ठरलंय.

माणदेशी, अर्जाला काय काय कागद लागले ते टाकाल का इथेच? आणि सुगी, कांद्याचं रोप उरलंय आमच्याकडे, कुणी जवळपास असेल तर घेऊन जा, वाळून चाललंय.