लहान मुलांना घेऊन दोन रात्री समुद्रावर: बेळगावहून कुठं, कुठल्या घाटानं आणि पाण्यात कोणत्या वेळी?

शहापूर_बेळगाव

नमस्कार. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात दोन रात्रींसाठी समुद्रावर जायचं ठरतंय. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, सोबत सासूबाई. गाडी घरची आहे. मुलीला घाटात उलटी होते. वॉटर स्पोर्ट्स, बाजार, देवळांची यादी यातलं काही नको. मुलं वाळूत खेळावीत आणि मोठ्यांनी जरा टेकावं, एवढंच.

शिरोडा, तारकर्ली की गोवा? आंबोलीनं जावं की चोर्ल्यानं? दिवसातल्या कोणत्या वेळी मुलांना पाण्यात सोडावं? दीड वर्षाच्या बाळासाठी सामानात काय काय लागतं, तेही कुणी सांगा.

वेंगुर्ला_रोड

वहिनी, तुमच्या गरजेला शिरोड्याचा वेळागर किनारा सगळ्यात बरा. बेळगावहून शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी करत साधारण सव्वाशे किलोमीटर. मुलांसाठीचे थांबे धरून चार तास ठेवा. किनारा लांबलचक आणि सपाट आहे, मागं सुरूचं बन आहे, त्यामुळं छत्री उडाली तरी सावली जात नाही. फक्त सुरूखाली अनवाणी फिरू देऊ नका. बोराएवढी काटेरी बोंडं वाळूत अर्धी पुरलेली असतात आणि टाचेत बरोबर बसतात. बाळाला रांगायला सोडण्याआधी चटई टाकायच्या जागेवरून हात फिरवून ती वेचून काढा.

वेंगुर्ल्याचा सागरेश्वरही चालेल. तारकर्लीचं पाणी सुंदर आहे, पण तिथं बोटी आणि वॉटर स्पोर्ट्सची वर्दळ असते, आणि तुम्हाला तेच नको आहे. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या टोकाला लहान मुलांना पाण्यात उतरवूच नका. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर धावतं, वरून ते संथ दिसतं आणि खालून पाय उचलतं. तेरेखोलच्या मुखाशीही तेच. गोव्यात जायचंच असेल तर पाळोळे. तिथं उपसागरासारखा आडोसा असल्यानं लाट मवाळ असते, पण गर्दी आणि आवाज सोसावा लागतो.

कुठल्याही किनाऱ्याची परीक्षा एकच. वाळू बारीक आणि पायाखाली फरशीसारखी घट्ट असेल तर उतार कमी असतो. भरड, पाय रुतणारी वाळू असेल तर किनारा एकदम खोल होतो. मोठ्या माणसानं आधी एकट्यानं वीस-पंचवीस पावलं आत चालून जावं. तेवढ्यानं पाणी गुडघ्याच्या वर गेलं तर ती जागा मुलांची नाही.

घाट आंबोलीचाच घ्या. तिलारीचा घाट जवळचा वाटतो, पण चढ-उतार तीव्र आणि वळणं आखूड आहेत, उलटी होणाऱ्या मुलीला तो नको. गोव्याला जाणार असाल तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला. मोबाईलवर रस्ता लावताना एक बघा: चोर्ला उतरल्यावर लागणारी केरी सत्तरी तालुक्यातली, समुद्राची केरी पेडण्यात. नुसतं ‘केरी’ टाकलं तर तुम्ही अंजुणे धरणापाशी पोचाल.

आता वेळ. निवांतपणा सगळा यावरच आहे. खोली कितीही चांगली घ्या, पाण्याची वेळ चुकली तर दोन दिवस मुलांच्या मागं धावण्यात जातात. लहान मुलांसाठी उत्तम वेळ म्हणजे ओहोटी पूर्ण होऊन भरती लागल्यानंतरचे पहिले दोन तास. तेव्हा ओली सपाट वाळू भरपूर उघडी असते, जागोजागी घोट्याएवढी डबकी साचलेली असतात, आणि पाण्याचा जोर किनाऱ्याकडं असतो.

ही वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. द्वितीया असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला भरती. त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे सव्वासातच्या सुमाराला ओहोटी. त्रयोदशीला भरती पावणेदहाला, ओहोटी दुपारी चारला. रोज ही वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडं-तिकडं होतो, वेंगुर्ल्याकडं भरती बहुधा थोडी आधीच येते, म्हणून जाण्याआधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात नेमकी वेळ बघून ठेवा. पण तारखा ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर बास. प्रतिपदा ते तृतीया असेल तर सकाळी साडेसात ते साडेनऊ पाण्यात. द्वादशी ते चतुर्दशी असेल तर संध्याकाळी सव्वाचार ते सहा. दोन्ही वेळा ऊन उतरलेलं असतं. मधले तास जेवण आणि झोप.

निपाणीकर

वरचं बरोबर आहे, एक भर घालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त वर चढते आणि ओहोटी जास्त खाली जाते. त्या दिवसांत पाणी भराभर पुढं येतं. चटई, पिशवी, चपला सुक्या वाळूत ठेवून चालत नाही, मागच्या भरतीनं टाकलेली काडीकचऱ्याची रेघ दिसते तिच्या वर ठेवा. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याची चढ-उतार कमी आणि ओढही कमी. अगदी तान्ह्या बाळासाठी मी भांगाचे दिवस निवडीन, वेळ तितकीशी जुळली नाही तरी.

निपाणी-संकेश्वरकडच्यांनी बेळगावला वळसा घालायचं कारण नाही. निपाणीहून उत्तूर-आजरा, संकेश्वरहून गडहिंग्लज-आजरा, पुढं आंबोली.

सुट्टीचंही बघा. आपल्या कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची मोठी सुट्टी असते, महाराष्ट्रातल्या शाळांना दिवाळीची. त्यामुळं दसऱ्याला सिंधुदुर्गात खोल्या सहज मिळतात. पण पावसाळ्यानंतरचा समुद्र तेव्हा पुरता निवलेला नसतो, म्हणून त्या दिवसांत मुलांना घोट्याच्या वर पाणी नको. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. फक्त आंगणेवाडीच्या जत्रेच्या दिवसांत मालवणकडं खोली शोधू नका.

खानापूरची_अक्का

उलटीचं आणि खाण्याचं सांगते.

घाटाआधी पोट रिकामंही नको आणि भरलेलंही नको. निघण्याआधी दीड-दोन तास दोन इडल्या किंवा कोरडी चपाती. दूध, तळलेलं, लोणी नको. मुलीला मधल्या जागी, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा आणि मोबाईल-पुस्तक काढून घ्या. डोळे पडद्यावर स्थिर आणि अंग हलतंय, यानंच मळमळतं. औषध द्यायचं तर तुमच्या डॉक्टरांना विचारून, आणि आंबोलीच्या अर्धा-पाऊण तास आधी. घाट सुरू झाल्यावर दिलेलं औषध उलटीबरोबर बाहेर पडतं. दीड वर्षाच्या बाळाला हे गुंगीचं औषध अजिबात देऊ नका. आंबोलीला वीस मिनिटं गाडीबाहेर फिरवा, मगच दाणोलीकडं उतरा. गाडीच्या काचा दोन बोटं उघड्या ठेवा.

रेल्वेचाही विचार करा. गोवा एक्स्प्रेस बेळगावहून लोंढा, कॅसलरॉक करत मडगावला जाते. कॅसलरॉक ते कुळे घाटात गाडी सावकाश उतरते आणि वळणांचा त्रास होत नाही.

डब्याला दहीबुत्ती न्या, पण नेहमीसारखी दह्यात कालवू नका, दुपारपर्यंत आंबते. भात कोमट असताना मऊ कुसकरून त्यात गार केलेलं दूध घाला, जरा पातळच ठेवा, आणि एकच चमचा दही मिसळा. चार-पाच तासांत डब्यातच विरजते आणि खायच्या वेळी गोड लागते. मिरची-फोडणी मोठ्यांसाठी वेगळ्या डबीत. सोबत चिरमुरे, केळी, राजगिऱ्याचे लाडू. तिथं बाळाला पेज किंवा मऊ भात मिळतो, आदल्या रात्री सांगून ठेवा. मासा द्यायचा तर सुरमईचा मधला तुकडा, काटा बोटांनी चाचपून. तारली-पेडव्यांना बारीक काटे फार. बाळानं कोळंबी आधी कधी खाल्ली नसेल तर पहिल्यांदा घरीच देऊन बघा, परगावी नको.

ओआरएस मात्र आठवणीनं न्या. त्यात चूक होते ती पाण्याच्या मापात. मोठी पुडी अख्ख्या एक लिटर पाण्यासाठी असते आणि छोटी 200 मिलिलिटरसाठी. मोठी पुडी पेलाभर पाण्यात कालवली तर मीठ जास्त होऊन बाळाला उलट अपाय होतो. एक लिटरची बाटली मोकळीच घेऊन जा, माप तिनंच होईल. चोवीस तासांत संपलं नाही तर टाकून द्या. खोक्यातली गोड पेयं त्या जागी चालत नाहीत, पुडीवर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला बघून घ्या.

सनस्क्रीन एसपीएफ 30 किंवा वरचं, पाण्यात जाण्याआधी वीस मिनिटं, आणि दर दोन तासांनी परत. कान, मान आणि पायाचा वरचा भाग विसरतो, भाजतो तिथंच. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम नाही, सावली आणि पूर्ण बाह्यांचं सुती कापडच. साधा डायपर समुद्रात घालू नका, पाणी पिऊन फुगतो आणि मांड्या सोलतो. पोहण्याचा डायपर किंवा सरळ सुती चड्डी. आधी मांडीच्या घड्यांना खोबरेल लावा, खारं पाणी झोंबत नाही. बाहेर आल्यावर वाळू ओली असताना चोळू नका. अंग सुकू द्या, मऊ कापडानं झाडा, मग गोडं पाणी. गाडीत पाच लिटरचा एक कॅन त्यासाठीच ठेवा. डोळ्यात वाळू गेली तर हात धरून ठेवा आणि स्वच्छ पाण्याची धार सोडा.

शहापूर_बेळगाव

वेंगुर्ला_रोड दादा, अक्का, निपाणीकर, फार उपयोग झाला. वेळागर पक्कं करते. मुलीला हवा भरायची ट्यूब घेऊन ठेवली आहे, ती आणि दंडातले फुगे चालतील का? आणि खोली बघताना काय विचारू?

वेंगुर्ला_रोड

ट्यूब घरीच ठेवा, ती तलावाची वस्तू आहे. दिवसा खारे वारे समुद्राकडून येतात, पण पहाटेपासून सकाळपर्यंत मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडं वाहतात. तुम्ही मुलांना सकाळीच पाण्यात नेणार, आणि तोच वारा हलकी ट्यूब मुलासकट आत नेतो. मोठ्या माणसाच्या पोहण्याहून ती वेगानं जाते. दंडातले फुगे लाटेत निसटतात. हवंच असेल तर मुलीच्या वजनाचं लाइफ जॅकेट घ्या, दोन पायांमधून पट्टा असलेलं. तो पट्टा नसेल तर जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्यात राहतं. जॅकेट असलं तरी एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, आणि तो माणूस कोण हे बोलून ठरवा. तिघंजण बघतायत असं प्रत्येकाला वाटतं तेव्हाच कुणी बघत नसतं. दर वीस मिनिटांनी पाळी बदला.

पाण्यात उतरण्याआधी पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधल्या पट्ट्यात फुटत नाहीत, पाणी गडद किंवा गढूळ दिसतंय, फेस आतल्या बाजूला जातोय, तर ती परतीच्या पाण्याची ओढ आहे. शांत दिसते म्हणून लोक मुलांना नेमके तिथंच नेतात. तिथून शंभर-दीडशे पावलं बाजूला जा. मोठं माणूस सापडलंच तर किनाऱ्याकडं झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर यावं. गोव्याच्या किनाऱ्यांवर ‘दृष्टी’ या संस्थेचे जीवरक्षक दिवसा असतात, लाल झेंडा दिसला तर पाणी बंद.

वाळूतला खड्डा मुलीच्या गुडघ्याहून खोल नको. ओल्या वाळूची भिंत न सांगता कोसळते. निघताना खड्डा बुजवा.

जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोडं पाणी ओतू नका आणि वाळूनं चोळू नका, त्यानं उरलेले डंख फुटतात. चिकटलेले धागे जाड कापडानं उचला, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं. बाळाच्या बाबतीत पाणी आधी स्वतःच्या कोपरानं तपासा. श्वास लागला, तोंड सुजलं तर घरगुती उपाय करत बसू नका. 108 तिन्ही राज्यांत लागतो, सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय आहे, गोव्यात बांबोळीचं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज).

खानापूरची_अक्का

खोलीचं मी सांगते. तळमजल्याची घ्या, सासूबाईंनाही बरं. किनाऱ्यापर्यंत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, ते विचारा. दुपारी बाळाला झोपवायला पंखा आणि जाड पडदा, संध्याकाळी गरम पाणी, आणि मच्छरदाणी.

आणि फोनवर एक प्रश्न नक्की विचारा: वाडीत विहीर आहे का, आणि तिला कठडा किती उंच? कोकणातल्या घरांच्या मागच्या अंगणात विहीर असतेच. जुन्या विहिरींचा कठडा मोठ्यांच्या गुडघ्याएवढाही असतो, आणि रहाटाजवळ पाय ठेवायला चिरा असतो, त्यावर चढून पोर आत वाकतं. वर जाळी आहे का, विचारा. पोचल्यावर सामान उतरवण्याआधी एकदा घराभोवती फेरी मारा. बाळाची खाट आणि तुमची गाडी, दोन्ही माडाखाली नको.