मास्क दिला की मालक मोकळा?

खडूसकाका: ‘कोळसा खाणीत मास्क देतात, हे लावत नाहीत, वर विड्या ओढतात आणि मग भरपाई मागतात.’ निखारा यांची ही पोस्ट वाचून गप्प बसणार होतो, जमलं नाही. मास्क सगळ्यात शेवटी येतो हो. आधी कोळसा कापणाऱ्या यंत्राच्या दातांवर पाणी मारा, हवा खेळती ठेवा, धूळ उडूच देऊ नका. घामाने निथळत, ओरडून बोलत अख्खी पाळी तो तोंडावर घट्ट बसवून दाखवा एकदा. विडीने दम लागेल, फुप्फुसं आणखी बिघडतील. पण न्यूमोकोनिओसिस, म्हणजे फुप्फुसात धूळ साठून होणारा खाणकामगारांचा रोग, होतो तो धुळीनेच.

निखारा: भावना पुरे. अमेरिकेत धुळीची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम होती, २०१६ मध्ये दीडवर आणली. सगळं मालकानेच करायचं, कामगाराची जबाबदारी शून्य?

रातपाळी: दीड मिलिग्रॅम कशाचे? कोळशाचे जाड थर संपत आले, आता पातळ थरासाठी वरखालचा दगडही कापतात. म्हणजे सिलिका, दगडातली कोळशाहून घातक धूळ. अमेरिकेतल्या अपालेशियाच्या डोंगराळ कोळसापट्ट्यात रोग परत आला तो असा, आणि तरुणांत. तिथल्याच नैऋत्य व्हर्जिनियाच्या तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या काळात ४१६ जणांत त्याचं सर्वात वाईट रूप सापडलं. सिलिकाची मर्यादा निम्मी करायला २०२४ उजाडलं, तो नियमही कोर्टात अडकला. लावा मास्क!

संपदा: सगळे खाणीतच अडकलात. घराचं काय? बाबांचे कपडे आई दारात झटकायची, मग भिजवायची. आम्ही पोरं तिथेच खेळायचो. आंघोळही खाणीवर व्हावी आणि कपडेही तिथेच धुतले जावेत.

निखारा: आता धुणंही कंपनीने करायचं? उद्या भांडी सांगाल.

संपदा: भांड्यांवर खाणीची धूळ बसत नाही. ब्रिटनमध्ये १९१९ साली कोळसा खाणींच्या चौकशीसाठी नेमलेल्या सँकी आयोगापुढे खाणकामगारांच्या बायकांनी साक्ष दिली होती. न्हाणीचं गरम पाणी उचलून उचलून बायकांची अकाली बाळंतपणं होतात, हे तिथे सांगितलं गेलं. १९२६ मध्ये जमीनमालकांना कोळशामागे मिळणाऱ्या रॉयल्टीवर कर बसवून खाणींवर न्हाणीघरं बांधायला घेतली. शंभर वर्षं होत आली, आणि आपण अजून ‘धुणं कोणी करायचं’ यावर भांडतोय.

फुकटसल्ला: न्हाणीघरं बांधून उपयोग काय? मी नोकरीला होतो तिथे होती. कोणी फिरकायचं नाही, पाळी सुटली की घरी पळायची घाई. शेवटी टाळं लावलं.

रातपाळी: गरम पाणी यायचं का? कपडे ठेवायला कपाटं होती? आणि तुम्ही खाली उतरायचात की वर ऑफिसात?

फुकटसल्ला: ऑफिसात. म्हणून डोळे नव्हते का मला?

रातपाळी: होते की, स्वच्छ. धूळ कुठे जात होती त्यात!

खडूसकाका: अंगावर जाऊ नका रे. संपदाताई, मुद्दा खरा आहे, पण धागा पार धोबीघाटावर गेला.

संपदा: जाऊ दे. तिथे बायकाच असतात, म्हणून तो मुद्दा नाही का?

निखारा: बरं, तपासणीचं बोला. फुकट एक्स-रे असला तरी हेच टाळतात.

रातपाळी: टाळणारच! माझ्या सासऱ्यांच्या फोटोत डाग दिसला. त्यांना वरचं हलकं काम दिलं, सोबत हलका पगारही दिला. ते पाहून त्यांच्या गँगमधला एकही जण पुढे गेला नाही. अमेरिकेत आजाराची खूण दिसली की पगार न घटता कमी धुळीच्या कामावर बदली मागता येते. तसं असेल तर माणूस जाईल. शिवाय एक्स-रे वाचणारा धड हवा. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये हा रोग गेला असंच समजून चालले होते, २०१५ मध्ये परत सापडला. मग चौकशीत कळलं, एक्स-रे नीट वाचलेच जात नव्हते.

निखारा: पगार कापू नये. मान्य, खूश? मास्कवर मी ठाम आहे. आणि धुण्याला विरोध कायम.

संपदा: मग एक आठवडा बाबांचे कपडे तुमच्या मशीनमध्ये टाकते. मुलांच्या कपड्यांबरोबरच घाला, वेगळे नकोत.