मदत हवी आहे: अमावास्या-पौर्णिमेला आसनं बंद, मग ध्यान करू का?

नमस्कार मंडळी, ८ महिने झाले मी मैसूर पद्धतीचं (म्हणजे प्रत्येकाने आपापल्या गतीने करायचं) अष्टांग विन्यास योग करतेय आणि आमच्या मॅडम अमावास्या-पौर्णिमेला क्लास बंदच ठेवतात. कारण विचारलं तर कोणी म्हणतं समुद्राला भरती येते तसं शरीरातल्या पाण्याचंही होतं (मला काही पटत नाही), कोणी म्हणतं ही पद्धत रुजवणारे गुरू पट्टाभि जोईस मैसूरच्या संस्कृत पाठशाळेत होते, तिथे या तिथींना अनध्याय (शिकण्या-शिकवण्याला सुट्टी) असायचा तेच पुढे चालू राहिलं, हे जरा पटतं.

पण पतंजलींच्या ८ अंगांत आसन तिसरं आणि ध्यान सातवं, मग त्या दिवशी नुसतं झोपायचं की २० मिनिटं बसायचं? मी बसले की पायाला मुंग्या आणि डोक्यात कुकरच्या शिट्ट्या! तुम्ही काय करता? आधी थोडा प्राणायाम केला तर चालतो का?